'मंडळीचे माजी वडील' असं लिहावं का?

मिरजवाला
आमच्या आण्णांनी यंदा मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, वडीलपण सोडलं. वडील म्हणजे चर्चचा कारभार बघणारा, इंग्रजीत एल्डर. प्रभुभोजनाच्या विधीला द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे घेऊन बाकांमधून फिरायचं, तर हाताला कंप सुटतो, पेले एकमेकांवर किणकिणतात. त्यांनीच पाळकसाहेबांना सांगितलं, आता दुसरा कुणी बघा. मंडळी मानपत्र देणार आहे, मजकूर माझ्याकडे आलाय. 'मंडळीचे माजी वडील' असं लिहिलं, तर धाकटी बहीण म्हणते, "दादा, हे वाचून वाटतं ते आता आपले वडीलच नाहीत." 'निवृत्त वडील' तिला त्याहून खटकतं. 'एल्डर' लिहायला आण्णांची सक्त मनाई. काय लिहू?

शब्दशोध
'वडील' मुळात विशेषण. वडील भाऊ, वडील बहीण, वडीलधारी माणसं. बापाला वडील म्हणतो ते आदराने. पद वेगळं काढा: 'वडीलपदाच्या जबाबदारीतून मोकळे झालेले'. लांबतं, पण घोटाळा होत नाही.

पारावरचा
वडील हा शब्द वडावरून आलाय. ज्याच्या सावलीला घर बसतं तो वडील, असं आमचे आजोबा सांगायचे. झाड जुनं झालं म्हणून त्याला कुणी माजी म्हणत नाही.

शब्दशोध
आजोबांचा भाव खरा, व्युत्पत्ती नाही. प्राकृतात 'वड्ड' म्हणजे मोठा, हिंदीतला 'बडा' त्याच घरचा. झाडाचा वड संस्कृत 'वट'पासून. दोन्ही कुळं वेगळी.

नगरी
बायबलमधलं, तीमथ्याला पौलाने लिहिलेलं पहिलं पत्र काढा, अध्याय ५. पहिल्या वचनात वडील माणसाला टाकून बोलू नको, बापासारखं मान, असं सांगितलंय. तिथे वडील म्हणजे वयाने मोठा. १७व्या वचनात चांगला कारभार करणारे वडील दुप्पट मानाला योग्य. तिथे ते पद. ग्रीकमध्येही दोन्हीकडे 'प्रेस्बुतेरॉस' हाच शब्द आहे, तेव्हा हा घोटाळा मराठी भाषांतरकारांच्या माथी मारू नका. आणि मिरजेकडच्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन वळणाच्या, म्हणजे वडिलांच्या कारभाराने चालणाऱ्या ना? त्या परंपरेत वडिलांवर एकदा हात ठेवून दीक्षा झाली की ती जन्मभराची. कमिटीवरची मुदत संपते, वडीलपण संपत नाही. 'माजी' शब्द तुमच्या शिकवणुकीतच बसत नाही.

मिरजवाला
हे मी आण्णांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, बोलले काही नाहीत. पूर्वी पुढच्या बाकावर बसायचे, आता दाराजवळ बसतात. आई म्हणते, तू शब्दाचं बघ, बाकाचं देव बघेल.

वसईची लेक
आमच्या कॅथलिकांत असे वडील नाहीत, पण याकोबाच्या पत्रात (५:१४) आहे ना, दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी? ते आमच्याकडे फादर करतात. जुनी माणसं त्याला 'शेवटचं तेल' म्हणायची. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा फादर येणार म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. तिला वाटलं, आपण आशा सोडली. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितलं होतं की याला आजाऱ्यांचा तैलाभिषेक म्हणणं अधिक बरं, हा फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. १९७२च्या नव्या विधीपासून डोळे, कान, नाक अशा एकेका इंद्रियाऐवजी फक्त कपाळाला आणि हातांना तेल लावतात, आणि ऑलिव्हचं नसलं तर दुसरं वनस्पतीचं तेलही चालतं. फादरांनी हे सगळं तिला बोलीत समजावलं. मग तिने आपणहून दोन्ही तळवे पुढे केले.

शुद्धलेखनी
'शेवटचं तेल' ही बोलीतली ओबडधोबड रूपं छापील मजकुरात नकोत. 'रुग्णाभ्यंग' हा नेमका शब्द आहे.

वसईची लेक
अभ्यंग म्हटलं की डोळ्यांपुढे दिवाळीचं उटणं येतं. आजीला 'आजाऱ्यांचं तेल' लगेच कळलं. ज्याला लावायचं त्याला कळायला नको?

नगरी
पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. त्या १९२२ला गेल्या, पूर्ण बायबल १९२४ला निघालं. उतारवय, क्षीण होत चाललेला देह, ऐकू न येणारा कान, सगळं घेऊन बसल्या होत्या, तरी सोपा शब्द सोडला नाही.

शुद्धलेखनी
आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक? त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, पन्नाशी उलटून गेल्यावर, आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणली. संतांची भाषा, संस्कृत शब्द, काही परकं मानलं नाही. सोपं म्हणजेच भक्तिपूर्ण, हे मला मान्य नाही.

शब्दशोध
अभंगाची भाषा संस्कृतप्रचुर, असं म्हणायचंय तुम्हांला? तुकोबांचा कुठलाही एक अभंग काढून बघा.

शुद्धलेखनी
तुकोबांचा घ्या की ज्ञानोबांचा, शब्दाला वजन हवं एवढंच माझं म्हणणं.

मिरजवाला
मानपत्र शुक्रवारी छापायला जातंय. पाळकसाहेबांनी सुचवलं, 'मंडळीचे वडील' एवढंच लिहा, पुढे सेवेची वर्षं घाला. बहिणीला पटलं. आण्णांचं म्हणणं, मग नव्या वडिलांना काय म्हणणार, त्यांचा मान कमी होईल.

पाळकांची सून
माझाही अडलेला प्रश्न इथेच विचारते. आमच्या मंडळीने पहिल्यांदाच एका बाईंना या पदावर निवडलंय, वय ४२. उपासनेत नाव पुकारताना 'वडील' म्हणायला सगळ्यांची जीभ अडखळते. 'वडीलबाई' कुठे ऐकलंय का कुणी?

नगरी
त्याच अध्यायाचं दुसरं वचन बघा, 'वडील स्त्रियांना आईसारखं'. पण तिथे अर्थ वयाचा आहे, आणि तुमच्या बाई ४२च्या.