घरच्यांना आत कधी बोलावले गेले? – अनुभव धागा

मनोरुग्णालयात दाखल झालेल्या आपल्या माणसाच्या उपचारांत तुम्हाला कितपत सामावून घेतले गेले, की संमतिपत्रावर सही करण्यापुरते आणि औषधे आणून देण्यापुरतेच विचारले गेले, याविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारातल्या तंबूंत रुग्णांसोबत राहू दिले होते. आज मात्र आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला दाराबाहेरचा बाकच येतो. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील कृपया टाळावा. सुरुवात मीच करते.

माझा धाकटा भाऊ नैराश्याने दाखल झाला, तेव्हा मला नाव, वय, पत्ता आणि व्यसन एवढेच विचारले गेले. त्याच्या दोन वर्षे आधीचे काही आठवडे तो रात्री जेमतेम तीन तास झोपत असे, तरीही थकत नसे, आणि एकाच दिवशी त्याने तीन सायकली विकत आणल्या होत्या. त्याला स्वतःला तो आयुष्यातला सर्वांत चांगला काळ वाटत असल्यामुळे तो याबद्दल डॉक्टरांशी बोलणे शक्यच नव्हते. नवव्या दिवशी एका निवासी डॉक्टरांनी सहज विचारले, "याच्या अगदी उलट कधी झाले होते का?" मी सायकलींची गोष्ट सांगितली आणि निदान बदलून बायपोलर (नैराश्य आणि त्याच्या उलट उन्माद असे दोन्ही टप्पे येणारा आजार) झाले. या आजारात केवळ नैराश्याच्या गोळ्या दिल्या, तर रुग्ण उन्मादाकडे झुकू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. मी नऊ दिवस त्याच दाराबाहेर बसून होते.

एक पत्नी : यजमानांना लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) सुरू करून घरी पाठवताना 'रक्त तपासून घ्या' एवढेच सांगितले गेले. रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी आणि सकाळची गोळी देण्याआधी रक्त द्यायचे असते, हे कोणी सांगितले नाही. मी नेहमीप्रमाणे चहाबरोबर गोळी दिली, त्यामुळे रक्तातली लिथियमची पातळी वाढलेली आली आणि मात्रा कमी करण्याचे ठरले. सुदैवाने परिचारिकेने गोळीची वेळ विचारली. जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातले पाणी घटून लिथियम वाढते आणि हात जास्त थरथरू लागतात, हेही त्यांनीच समजावले. आता हे सर्व कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवले आहे.

एक वडील : मला वेगळे सांगायचे आहे. आम्हाला आत बोलावले, पण पहिल्याच बैठकीत 'घरातले वातावरण' हा विषय निघाला आणि आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, असे मला वाटले. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांना लंडनमध्ये असे आढळले होते की, रुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) रुग्ण इतरत्र राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. सततची टीका आणि अतिकाळजी यांचा त्याच्याशी संबंध असल्याचे पुढे दिसले. हे ऐकून मी उठून निघालो होतो. पुढच्या खेपेस समुपदेशकांनी दोषाचा विषय न काढता "मुलगा दुपारपर्यंत झोपतो तेव्हा तुम्ही नेमके काय म्हणता?" असे विचारले. मी माझे वाक्य उच्चारले आणि ते माझे मलाच ऐकवेना. त्याची झोप आळसाची नसून आजाराची आणि औषधांची असू शकते, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

एक परिचारिका : मी प्रत्येक नातेवाइकाला एक प्रश्न हमखास विचारते : घरी यांना कोणत्या नावाने हाक मारता? नोंदवहीतल्या नावाला ओ न देणारी माणसे त्या नावाला वळून पाहतात.

स्वतः रुग्ण असलेली एक व्यक्ती : येथे सगळे घरच्यांच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून थोडे माझेही. माझ्याबद्दल वडिलांना काहीही सांगू नये, असे मी दाखल होतानाच बजावले होते, आणि त्याला कारणे होती. आई भेटायला आली तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, "मला काही सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगाल ते मी ऐकून घेऊ शकतो." तिने अर्धा तास सांगितले, आणि ते काय होते हे डॉक्टरांनी तिच्या संमतीने मला कळवले. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी मी एका कागदावर आईला काय सांगावे ते लिहून दिले : गोळ्यांची नावे, पुढची तारीख, आणि माझी झोप उडाली तर कोणाला फोन करायचा. वडिलांबाबतची माझी सूचना अजून तशीच आहे.