हायवेला २१, शहरात १४: गाडी बिघडली नाहीये

एकाने विचारलंय की एकच छोटी गाडी लिटरला हायवेला २१ आणि शहरात १४ किलोमीटर कशी देते, इंजिनात बिघाड तर नाही ना? बहुतेक नाही. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा इंजिन पेट्रोल पितच असतं, किलोमीटर मात्र शून्य. मग पहिल्या गिअरपासून वेग घ्यायचा आणि पन्नास मीटरवर ब्रेक दाबून तो सगळा उष्णतेत घालवायचा! खरं पेट्रोल इथंच जातं.

एसीचा भार मोठ्या इंजिनात खपून जातो, हजार सीसीत लगेच जाणवतो. शिवाय रोजची फेरी तीनच किलोमीटरची असेल, तर इंजिन नीट तापायच्या आतच बंद होतं, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं.

अर्थात हायवेलाही पळवाल तसं मायलेज पडतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे ११० केलेत की जवळजवळ दुप्पट.

आणि ते १४ डॅशबोर्डवरचे की टाकी फुल टू फुल करून (म्हणजे टाकी भरून गाडी चालवायची आणि पुन्हा भरताना लागलेल्या पेट्रोलने किलोमीटरना भागायचं) काढलेले? आधी असं फुल टू फुल मोजा. टायरची हवाही बघा, पण टायर थंड असताना.