तीनदा बनवलेला पेनड्राइव्ह आणि इन्स्टॉलरला न दिसणारी एसएसडी

प्रश्न:
माझ्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी असून त्यावर विंडोज १० आहे. ते तसेच ठेवून शेजारी उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली घालावी, म्हणून रूफस या प्रोग्रॅमने १६ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल केला. त्यावरून उबुंटूचा डेस्कटॉप व्यवस्थित येतो, वायफायही चालते. परंतु इन्स्टॉल करू लागताच 'आरएसटी बंद करा' अशी सूचना येऊन काम तिथेच अडते आणि डिस्कच्या यादीत पेनड्राइव्हखेरीज काहीच दिसत नाही. आयएसओ (उबुंटूची इन्स्टॉल-फाइल) पुन्हा उतरवून, पेनड्राइव्ह बदलून हाच उद्योग तीनदा केला. शेवटी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) 'साटा ऑपरेशन' म्हणजे डिस्क-जोडणीची पद्धत 'रेड'वरून 'एएचसीआय' केले, तर विंडोज सुरू होताना निळा पडदा आला आणि त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे लिहिलेले होते. घाबरून पुन्हा 'रेड' केल्यावर विंडोज पूर्ववत झाले. पेनड्राइव्ह बनवताना माझे नेमके काय चुकते आहे?

पहिले उत्तर:
काहीच चुकत नाही. डेस्कटॉप आला तिथेच पेनड्राइव्हचे काम झाले. चौथ्यांदा बनवू नका. आरएसटी ही इंटेलची साठवण-व्यवस्था (बायोसमधील 'रेड') चालू असली, की एनव्हीएमई एसएसडी साटा कंट्रोलरच्या आड जाते आणि लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) ती स्वतंत्रपणे दिसत नाही. उलट विंडोज सुरू होताना फक्त ठरलेला ड्रायव्हर उचलते, त्यामुळे अचानक एएचसीआय केल्यावर त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सेफ मोडमध्ये मात्र ते मूळचे ड्रायव्हर उचलते, आणि त्याचाच फायदा घ्यायचा.

विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' टॅबमधील 'सेफ बूट'वर खूण करा. रीस्टार्ट करताना विंडोज सुरू होऊ न देता थेट बायोसमध्ये शिरा, एएचसीआय निवडा आणि सेव्ह करून बाहेर पडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडले, की तीच खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधीच आठवून ठेवा. मी एकदा याच पायरीवर अर्धा तास घालवला आहे.

दुसरे उत्तर:
वरील उपाय योग्य आहे, पण त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का, ते पाहावे. चालू असल्यास बायोसमधील बदलानंतर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नसेल, तर स्वतःच्याच फायलींना मुकावे लागेल. म्हणून की लिहून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा. उबुंटूसाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आखडून काढावी आणि फास्ट स्टार्टअप बंद करावे, अन्यथा विंडोज खऱ्या अर्थाने बंदच होत नाही आणि उबुंटूतून त्या विभागावर काही लिहिता येत नाही.

आणखी एक: बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिले आहे तोच निवडावा. मात्र विंडोजच्या 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर 'लेगसी' (जुनी पद्धत) असे असेल, तर दुसरा. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने सुरू होणाऱ्या हव्यात, नाहीतर ग्रबच्या (सुरुवातीला कोणती प्रणाली हवी ते विचारणाऱ्या मेनूच्या) यादीतून विंडोज सुरू करता येणार नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. एएचसीआय झाल्यावर तोच तिसऱ्यांदा बनवलेला पेनड्राइव्ह लावला, तर एसएसडी लगेच दिसली आणि 'विंडोजशेजारी इन्स्टॉल करा' हा पर्यायही आला. आता दोन्ही चालतात. फक्त उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलो, की घड्याळ साडेपाच तास मागे असते.

पहिले उत्तर देणारे:
उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. आपल्याकडचा फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबुंटूला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा, म्हणजे प्रश्न मिटेल.