लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगला पीसी अपग्रेड करायचाय, रायझन घेऊ का इंटेल?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, मी सोलापुरात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. सध्याचा पीसी म्हणजे रायझन ५ २६०० (एएमडीचा प्रोसेसर), बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. आतापर्यंत काम निघत होतं पण नवीन कॅमेरा घेतल्यापासून प्रीमिअरमधे (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाइमलाइन लई अडकायला लागलीय, गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला) नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा शूट केला त्याचं फुटेज तर चालतच नाही, प्ले दाबलं की एक फ्रेम दिसते मग सगळं थांबतं. नवी पेठेतले दुकानदार म्हणतात डोळे झाकून इंटेल घ्या, मामेभाऊ म्हणतो रायझन सोडून दुसरं काही बघूच नको. दोघंही ठाम आहेत पण कारण विचारलं की गप्प. तीस हजाराच्या आसपास बजेट आहे, उन्हाळ्यातल्या तारखा सुरू व्हायच्या आधी काम उरकायचंय. काय करू?

पीसी_जोडणी:
भावा बी४५० आहे ना, मग बोर्ड कशाला बदलतो, त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० नाहीतर ७ ५७००एक्स बसतो. रॅम तीच, कार्ड तेच, खर्च फक्त प्रोसेसरचा. ५६०० सोबत कूलर मिळतो, ५७००एक्स सोबत मिळत नाही तो वेगळा घ्यावा लागेल. दोन्ही ६५ वॅटचे, आपल्याकडच्या उन्हाळ्याला बरे. फक्त जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर आणि तेवढा वेळ यूपीएसवर चालव, मधेच लाइट गेली तर बोर्ड कामातनं जाईल.

कलर_ग्रेडिंगवाला:
दादा थांबा, अजून काहीच घेऊ नका. नवीन कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग कशात करताय ते आधी सांगा. एच.२६४ का एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती), आणि ४:२:० का ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवायची, ४:२:२ मधे जास्त)?

जुळे_सोलापूरकर:
एच.२६५, ४:२:२ १० बिट. शालूचा आणि हळदीचा रंग नीट बसवता येतो म्हणून तेच ठेवलंय.

कलर_ग्रेडिंगवाला:
मग दुखणं तिथंच आहे. हे दाबलेलं फुटेज उलगडायला (डिकोड करायला) चिपमधे वेगळं हार्डवेअर लागतं, ते नसलं की सगळा भार प्रोसेसरच्या कोरवर येतो. तुमचं १६६० सुपर ४:२:० उलगडतं, ४:२:२ नाही. रायझनमधे पण ती सोय नाही, ज्यात आतलं ग्राफिक्स असतं त्या ७६०० मधे सुद्धा नाही. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधे क्विक सिंक (व्हिडिओसाठीचं वेगळं हार्डवेअर) आहे आणि डेस्कटॉपला ११ व्या जनरेशनपासून ते एच.२६५ चं ४:२:२ १० बिट उलगडतं. म्हणजे दुकानदार या कामापुरतं बरोबर बोलले, पण मॉडेल बघून घ्या. नावाच्या शेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मग इंटेल घेऊन या कामाला काही उपयोग नाही. १२४०० मधे यूएचडी ७३० येतं त्यात व्हिडिओचं इंजिन एक, १२५०० आणि १३५०० मधे यूएचडी ७७० येतं त्यात दोन, दोन-तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम लावत असाल तर हा फरक जाणवतो. बोर्ड बी७६० चं डीडीआर४ वालं मागा, तुमची जुनी रॅम चालेल, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठल्या कुठे गेलेत त्यामुळे ही बचत मोठी आहे. एएमडीच्या एएम५ (नवीन सॉकेट) ला जायचं तर डीडीआर५ घ्यावीच लागते.

आणि कॅमेऱ्याचं सेटिंग एच.२६४ मधे ४:२:२ वर नेऊ नका, ते या इंटेलला पण हार्डवेअरमधे जमत नाही.

पीसी_जोडणी:
४:२:२ चं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं. पण मग बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलून एलजीए १७०० वर (या इंटेलच्या सॉकेटवर) जायचं म्हणजे पुढं रस्ता बंद, २०२४ मधे इंटेलनं नवीन सॉकेट काढला. त्यापेक्षा आरटीएक्स ५० सिरीजचं ५०५० नाहीतर ५०६० कार्ड याच बी४५० वर टाकलं तर? ती कार्डं ४:२:२ उलगडतात, एच.२६४ चं पण.

कलर_ग्रेडिंगवाला:
हो, हा रस्ता पण चांगला आहे, प्रीमिअरचं २५.२ किंवा त्यानंतरचं व्हर्जन पाहिजे आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दमदार पाहिजे. पण २६०० तोच राहिला तर स्टॅबिलायझेशन, जास्तीचे इफेक्ट यात दम लागेलच, आज ना उद्या ५६०० घ्यावा लागेल. बजेट एकदाच आहे तर मी १२५०० आणि बी७६० कडे जाईन. पुढच्या सॉकेटचा विचार आत्ता महत्त्वाचा नाही, तारखा घेतल्यात तर वेळेवर लग्नं देता येणं महत्त्वाचं. त्या आधी फुकटातली एक तपासणी करा. नंदीध्वजांचं एक क्लिप चालवताना टास्क मॅनेजर उघडा, सीपीयू शंभरला टेकला आणि ग्राफिक्स कार्डाच्या व्हिडिओ डिकोडमधे शून्य दिसलं तर मी म्हणतोय तेच. आणि पीसी येईपर्यंत हातातल्या कामाच्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) रात्री बनवायला लावून झोपा.

जुळे_सोलापूरकर:
केलं बघा, सीपीयू शंभर, व्हिडिओ डिकोड शून्य. १२५०० आणि डीडीआर४ बी७६० चं कोटेशन मागवलंय. जुनं १६६० त्यातच लावलं तर चालेल ना? आणि मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा काय?

कलर_ग्रेडिंगवाला:
कार्ड लावा, कलर आणि इफेक्टला ते लागतंच. पण कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, बायोसमधे आयजीपीयू (आतलं ग्राफिक्स) मल्टी मॉनिटर चालू करा, नंतर प्रीमिअरच्या मीडिया सेटिंगमधे हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलवर टिक करा. ही टिक करायची राहिली तर नवीन पीसीवर पण फुटेज तसंच अडकेल. उन्हाळ्याचं म्हणाल तर १२५०० टर्बोला (पूर्ण वेगाला) ११७ वॅटपर्यंत जातो, बोर्डात पॉवर लिमिट कमी करता येते, ती करा आणि डब्यातल्या कूलरऐवजी जरा उंच टॉवर कूलर घ्या. कोटेशन आलं की इथं टाका, मॉडेल नंबर बघून सांगतो.