प्रतिसाद: पीडीएफ पुन्हा ब्राउझरमध्येच का उघडते?
रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत साठ्यात) नोंद बदलूनही सातबाऱ्याची पीडीएफ पुन्हा ब्राउझरमध्येच उघडते, ही अडचण विंडोजच्या रचनेतूनच येते. विंडोज ८ पासून कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायची ही वापरकर्त्याची निवड ‘यूजरचॉइस’ या रजिस्ट्रीतील नोंदीत एका हॅशसह (पडताळणीसाठी विंडोजने काढलेल्या सांकेतिक मूल्यासह) साठवली जाते आणि तो हॅश जुळला नाही, तर विंडोज ती निवड ग्राह्य धरत नाही. म्हणूनच हाताने केलेला बदल टिकत नाही. सेटिंग्जमधील ‘डीफॉल्ट ॲप्स’मधून निवड करणे हाच, माझ्या मते, सरळ मार्ग आहे.

आपल्या अमळनेर-चोपड्याकडील सेवा केंद्रांत एकाच संगणकावर अनेकांची खाती असतील, तर ही निवड खात्यागणिक वेगळी असते, हे ध्यानात घ्यावे. ‘डिझम’ या विंडोजच्या व्यवस्थापन साधनाद्वारे आयात केलेली अशा निवडींची एक्सएमएल यादी (ठरावीक रचनेतील मजकूर फाइल) केवळ नव्या खात्याच्या पहिल्या लॉगिनला लागू होते, जुनी खाती जशीच्या तशी राहतात.

लिनक्समध्ये हीच निवड वापरकर्त्याच्या कॉन्फिग फोल्डरातील ‘माइमॲप्स’ नावाच्या साध्या मजकूर फाइलीत असते, आणि तेथे प्रोग्रॅम एक्सटेन्शनला (फाइलीच्या नावाअखेरच्या ‘.pdf’सारख्या अक्षरांना) नव्हे, तर माइम प्रकाराला (फाइलीत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे हे सांगणाऱ्या प्रमाणित नावाला) जोडला जात असल्यामुळे नावापुढे एक्सटेन्शन नसलेली पीडीएफसुद्धा बहुधा आतील मजकुरावरून ओळखली जाऊन योग्य प्रोग्रॅममध्ये उघडते.