लांबचा विमानप्रवास: किलोमीटर किती, तास किती? तुमचे अनुभव सांगा

दोन एअरपोर्टमधलं अंतर नेटवर लगेच मिळतं. त्याला ताशी ९०० किमीने भागलं की झाले तास असं वाटतं, पण तिकिटावरचे तास काही जुळत नाहीत, जाताना वेगळे आणि येताना वेगळे. सोबत वयस्कर माणसं असली की दीड-दोन तासांचा फरकसुद्धा जाणवतो, म्हणून विचारतेय. कुठून कुठे गेलात, किती वेळ लागला, जरा सविस्तर लिहा.

—

न्यूयॉर्क-लंडन माझं नेहमीचं. अंतर साधारण ५,५५० किमी. लंडनकडे जाताना साडेसहा-सात तास आणि परतताना आठच्या आसपास. कारण जेट स्ट्रीम, म्हणजे दहाएक किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारं जोरदार वारं, हिवाळ्यात तर विचारूच नका. मी समोरच्या स्क्रीनवर मॅप लावून बसते, जाताना ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबाने ताशी वेग) हजाराच्या वर गेलेला दिसतो आणि परतीला तोच आठशेच्या खाली येतो, इंजिनाचा आवाज मात्र तोच असतो, बाहेर बघून काहीच कळत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं!

—

वरच्या ताईंना अनुमोदन. वाऱ्याचं बेस्ट उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, वारं पाठीशी घेऊन विमान नेलं, अंतर १,४०० किमीने वाढलं तरी दोनेक तास वाचले. नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका.

—

आमचं उलट झालं. हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत व्हायचं, २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि तेच तेरा तासांवर गेलं. एअरपोर्ट तेच, वाट बदलली. आम्ही त्यानंतर गेलो, सोबत आई. विमान उत्तर ध्रुवाकडून गेलं, मॅपवर खाली नुसतं पांढरं, आई खिडकीला नाक लावून बसलेली, पण सात-आठ तासांनी पाय एवढे सुजले की चप्पल जाईना. मग दर तासाला उठवून मागच्या किचनपर्यंत फेऱ्या मारल्या, तिथल्या मुलीने उभं राहायला जागा करून दिली, पाणी दिलं, खूप बरं वाटलं. वयस्कर माणसांसाठी आइल सीट आधीच बुक करा आणि घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा, हे अगदी मनापासून सांगतोय.

—

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका, त्या त्या गावच्या स्थानिक वेळा असतात. टोकियोहून रात्री ९ ला निघून होनोलुलूला त्याच तारखेला सकाळी ९ ला उतरता येतं, मधे डेटलाइन, म्हणजे तारीख बदलते ती रेषा, ओलांडतो ना! प्रवास साधारण सात तासांचा. तिकिटावर ‘ड्युरेशन’ वेगळं लिहिलेलं असतं, तेच बघायचं.

—

आणि ते ड्युरेशन गेटपासून गेटपर्यंतचं असतं बरं का, फक्त हवेतलं नाही. रनवेवर रांग लागली, उतरताना घिरट्या घालाव्या लागल्या, तर त्याची थोडी सोय कंपन्या आधीच धरून ठेवतात, त्यामुळे उशिरा निघूनही विमान वेळेवर पोचतं. पुढची फ्लाइट पकडायची असेल तर त्यावर विसंबू नका, मधे तीन तास तरी ठेवा, आणि व्हीलचेअर सांगितली असेल तर आणखी जास्त.