मिग-२१ ला घरचा वॉश दिला आणि पार काशी झाली, वाचवता येईल का?

सदाशिवातला_स्प्रू
मिग-२१ विमानाचं १:७२ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल केलंय, एअरब्रश (हवेने रंग फवारणारा) नाहीये माझ्याकडे, सगळं हाताने ब्रशनेच, आणि खोटं कशाला बोलू रंग चांगला बसला होता. डेकल (खुणांची चिकटचित्रं) लावले, वरून मॅट कोट (बिनचमकीचं वॉर्निश) मारला आणि मग हौस आली की जरा वापरलेलं दिसू दे. रेडिमेड वॉशची (रेघांत मुरून मळ दाखवणारा पातळ रंग) किंमत बघून बाटली परत ठेवली आणि घरातला काळा पोस्टर कलर पाण्यात कालवून पंखावर सोडला. तर पाणी अळूच्या पानावर बसतं तसं थेंब थेंब होऊन बसलं, पॅनल लाइनीत (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) काही शिरलंच नाही, आणि पुसायला गेलो तर सगळीकडे राखाडी डाग. विमान वखारीतून काढल्यासारखं दिसतंय. उद्या बोहरी आळीत जाणारच आहे, तिथून थिनर आणून पुसून काढू का?

कोरा_चहा
थिनर नको!! हार्डवेअरच्या दुकानात नुसतं थिनर मागितलं की बहुतेक वेळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हातात देतात, त्याने रंग तर जाईलच पण खालचं प्लास्टिकही विरघळेल. मी एका हंटर विमानाच्या मॉडेलची शेपटी अशीच घालवलीये.
पोस्टर कलर पाण्यात सुटतो, कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश, हळूहळू घासा, डेकलवर जोर नको. थोडे डाग राहतील ते राहू द्या.
चूक वॉशमध्ये कमी आणि मॅट कोटमध्ये जास्त आहे. मॅट म्हणजे खरखरीत, त्यात रंग अडकतो आणि डाग पडतो. आधी ग्लॉस (चमकदार कोट), मग वॉश, आणि मॅट सगळ्यात शेवटी. ग्लॉसवर ब्रश रेघेला नुसता टेकवला तरी रंग आपोआप धावत जातो.
मी ऑइल कलरचा करतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि चिमूटभर काळा, रात्रभर पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा म्हणजे त्यातलं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो, नाहीतर वॉश दोन दोन दिवस वाळत नाही. मग टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ. अर्ध्या तासाने इअरबडने पुसा, पंखावर पुढून मागे, हवा जाते त्या दिशेने. फक्त खालचा रंग आणि ग्लॉस दोन्ही अ‍ॅक्रिलिक हवेत, इनॅमलवर टर्पेंटाइन गेलं की तो रंगही उचलून येतो. आणि भसाभस ओतू नका, जोडात मुरलं तर प्लास्टिकला तडे जातात.

शाडू_आणि_सुखोई
टर्पेंटाइनच्या वासावरून आमच्याकडे महाभारत होतं, म्हणून मी मातीवर आलो. गणपतीची उरलेली शाडू भरपूर पाण्यात ढवळायची, मिनिटभर थांबायचं, रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते वाळवलं की मैद्यासारखी माती मिळते. काळेपणाला दिव्याची काजळी, पण काजळी पाण्यावर नुसती तरंगते, आधी साबणाच्या थेंबात बोटाने मळून घ्या. साबण तसाही लागतोच, तुमचं पाणी थेंब थेंब झालं ते त्याच्याविनाच. तपकिरी हवं तर गेरू घाला.
हे सगळ्या विमानाला फासायचं, वाळू द्यायचं, आणि किंचित ओल्या कापडाने पुसायचं. नाही आवडलं तर नळाखाली धरा, माती आहे, चिकटत नाही! म्हणूनच शेवटचा मॅट कोट स्प्रेनेच मारा, ब्रशने मारलात तर सगळं पुन्हा गढूळ. फक्त पावसाळी हवेत स्प्रे मारू नका, दमटपणात कोट पांढरा पडतो.

कोरा_चहा
माती बारीक रेघांत ऑइलइतकी नेमकी बसत नाही हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

शाडू_आणि_सुखोई
तुमच्या घरात वास चालतो, नशीबवान आहात.

धावपट्टी_१०
दोघांचंही बरोबर, पण काळा वापरूच नका की. हिशोब करा, मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची फट होते, एवढ्या फटी घेऊन कोण उडणार? खालच्या रंगापेक्षा दोन छटा गडद घ्या, बास. राखाडी सुखोईला गडद राखाडी, हिरव्या-तपकिरी मिगला काळपट तपकिरी. आणि सगळ्या रेघा सारख्या नकोत, जी झाकणं रोज उघडतात तिथे आणि पोटाखाली जास्त मळ, बाकी जवळजवळ काही नाही. उडताना तेल मागे ओढलं जातं, उभ्या विमानावर ते खाली ओघळतं, दोन्ही डाग वेगळे दिसतात.
पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकात खरं मिग-२३ आहे, एकदा बघून या, झाकणं आणि रिव्हेट कुठे असतात ते कळेल. पण तिथला मळ कॉपी करू नका, तो वर्षानुवर्षं उन्हापावसात उभं राहिल्याचा आहे, उडण्याचा नाही.

सदाशिवातला_स्प्रू
धुतलं! डावा पंख जवळजवळ स्वच्छ झाला, उजव्या पंखावरचा एक डेकल मात्र शहीद. ग्लॉस मारून दोन दिवस ठेवलं आणि पोटाखाली अर्ध्या भागात शाडू, अर्ध्यात ऑइल करून बघितलं. चाकांच्या खाचांत शाडू भारी दिसते, रेघांना ऑइलच, सॉरी शाडूवाले. उजव्या पंखावरचा डाग गेला नाही, तिथे आता तेलाची गळती आहे असं मी सगळ्यांना सांगतोय.

शाडू_आणि_सुखोई
मिगच्या पंखात इंधनाच्या टाक्या असतात, तेल नको, इंधन गळतंय म्हणा, कोणी शंका घेणार नाही.